रॅगटाइम गिटारवादन

रॅगटाइम गिटारवादन म्हणजे रॅगटाइम या अमेरिकी संगीतप्रकारातील जुन्या रचना, किंवा त्या धर्तीवर बांधलेल्या धुना, अकूस्टिक गिटारवर उजव्या हाताच्या बोटांनी एकट्याने वाजवण्याची पद्धत होय. या पद्धतीत अंगठा खालच्या जाड तारांवर समान अंतराने ठेका धरतो, तर तर्जनी व मध्यमा, आणि काही वादकांच्या बाबतीत अनामिकाही, वरच्या तारांवर त्या ठेक्याच्या मागेपुढे सरकणारी धून वाजवतात. त्यामुळे एका वाद्यावर दोघे जण वाजवत असल्याचा भास होतो.

रॅगटाइम हे मुळात पियानोचे संगीत असून गिटारवर ते उशिरा उतरले, अशी समजूत प्रचलित आहे. ती अर्धीच खरी आहे. गिटारवरील रॅगटाइमचे दोन प्रवाह आहेत. पहिला अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतील कृष्णवर्णीय वादकांचा. तो कानाने शिकला गेला आणि १९२० ते १९४० च्या दरम्यान ध्वनिमुद्रिकांवर उमटला. दुसरा प्रवाह १९६० नंतरचा असून त्यात स्कॉट जॉप्लिन व त्याच्या समकालीनांच्या छापील पियानो-रचना गिटारसाठी नव्याने बांधल्या गेल्या. हातांचे तंत्र दोन्हींत जवळपास सारखेच असले, तरी ‘रॅग’ या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे एकच नाही.

नाव

इंग्रजीतील ‘रॅग’ आणि भारतीय संगीतातील ‘राग’ यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. ‘रॅग’ म्हणजे चिंधी. फाटक्या, तुकड्यातुकड्यांच्या लयीसाठी वापरल्या गेलेल्या ‘रॅग्ड टाइम’ या शब्दांपासून रॅगटाइम हे नाव आले, अशी व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे दिली जाते. राग ही स्वरांची चौकट आहे, तर रॅग हे लयीचे वैशिष्ट्य. एखादे कूचगीत किंवा प्रार्थनागीतही लय मोडून वाजवले की ‘रॅग केले’ असे म्हटले जाई. म्हणजे आरंभी हा शब्द रचनेचे नाव नसून वाजवण्याच्या रीतीचे नाव होता, आणि गिटारवादकांमध्ये हा जुना अर्थ बराच काळ टिकून राहिला.

लयीची बांधणी

रॅगटाइमच्या बहुतेक रचना दोन ठोक्यांच्या आवर्तनात लिहिलेल्या असतात. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले, की एका आवर्तनात आठ उपविभाग मिळतात. अंगठा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व सातव्या उपविभागावर वाजतो. त्यांपैकी पहिला व पाचवा आघात खर्जाच्या तारेवर, तर तिसरा व सातवा त्याहून चढ्या तारेवर पडतो. धूनही त्याच जागांवर पडत राहिली तर ऐकू येते ते साधे कूच. रॅग तयार होतो तो धुनेचे आघात या जागांवरून हलवल्यामुळे. सर्वांत परिचित मांडणी आठ उपविभागांची ३+३+२ अशी विभागणी करते:

उपविभाग: १ २ ३ ४ ५ ६ ७ ८
अंगठा: खर्ज – वर – खर्ज – वर –
धून: ● – – ● – – ● –

पहिल्या व सातव्या उपविभागावर अंगठा आणि बोट एकत्र पडतात. चौथ्यावर बोट एकटेच पडते, अंगठ्याच्या दोन आघातांच्या मधोमध. पाचव्यावर, जिथे दुसरा ठोका आहे आणि कानाला धुनेची अपेक्षा आहे, तिथे फक्त खर्ज वाजतो. ही हुलकावणी हाच रॅगटाइमचा प्राण आहे. पुष्कळदा धुनेचा स्वर आठव्या उपविभागावर छेडला जातो आणि पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर तो केवळ घुमत राहतो. समेवर नवा आघात होतच नाही.

भारतीय तालविचाराला ही कल्पना अपरिचित नाही. अतीत आणि अनागत या संज्ञा समेच्या मागेपुढे येण्याचेच वर्णन करतात. फरक आहे तो कामाच्या वाटणीत. नांदेड जिल्ह्यातील माहूर आणि लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर या देवीस्थानांशी जोडलेल्या गोंधळात तुणतुण्याची एकच तार अखंड ठोका देत राहते, संबळाच्या खर्जाच्या आणि चढ्या अशा दोन भांड्यांवर ताल उभा राहतो आणि गाणारा या दोन्हींवर मोकळेपणाने शब्द टाकतो. तिथे ठोका सांभाळणारा एक आणि ठोक्याशी खेळणारा दुसरा. रॅगटाइम गिटारमध्ये ही दोन्ही कामे एकाच हाताकडे येतात: अंगठा तुणतुणेवाल्यासारखा अढळ राहायला हवा आणि त्याच पंजातील बोटांनी त्याची पर्वा न करता चालायला हवे. नव्या वादकाची मुख्य अडचण इथेच असते. बोट ठोक्याबाहेर पडले की अंगठाही नकळत त्याच्यामागे ओढला जातो आणि लय मोडण्याऐवजी कोसळते.

स्वरसंगतीचा साचा

गिटारवरील रॅगमध्ये एक कॉर्डक्रम इतक्या वेळा येतो की त्यालाच रॅगटाइम क्रम म्हणण्याची प्रथा आहे. सी या स्वरात वाजवताना तो सी, ए सेव्हन, डी सेव्हन, जी सेव्हन आणि पुन्हा सी असा चालतो. सी हा षड्ज मानला, तर कॉर्डचा आधारस्वर सा वरून ध वर उडी घेतो आणि मग रे, प या मार्गाने सा वर परततो. ए सेव्हनमध्ये ध, कोमल रे, ग, प हे स्वर आहेत; डी सेव्हनमध्ये रे, तीव्र म, ध, सा; आणि जी सेव्हनमध्ये प, नी, रे, शुद्ध म. म्हणजे काही क्षण कोमल रे, नंतर काही क्षण तीव्र म डोकावून जातो आणि शुद्ध म आल्यावर घरी परतल्याची जाणीव होते. रागसंगीताच्या नियमाने हे स्वर परके ठरतील; इथे त्यांचे काम पुढच्या कॉर्डकडे ढकलण्याचे आहे आणि ते झाले की ते नाहीसे होतात.

हा क्रम गिटारवर इतका रुजण्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. या चारही कॉर्ड गिटारच्या पहिल्या तीन पडद्यांत बसतात आणि अंगठ्याला प्रत्येकाचा आधारस्वर जवळच सापडतो. ए सेव्हनसाठी पाचवी तार आणि डी सेव्हनसाठी चौथी तार मोकळीच वाजते. सी पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, तर जी सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर मिळतो. डाव्या हाताची उरलेली बोटे धुनेसाठी मोकळी राहतात.

पियानो, आणि त्याआधीचा बँजो

रॅग या नावाने छापील रचना १८९७ पासून बाजारात येऊ लागल्या. त्या वर्षाच्या आरंभी विल्यम क्रेलची ‘मिसिसिपी रॅग’ आणि अखेरीस टॉम टर्पिनची ‘हार्लेम रॅग’ प्रसिद्ध झाली. टर्पिन हा रॅग छापून आलेला पहिला कृष्णवर्णीय रचनाकार मानला जातो. १८९९ मध्ये मिझुरी राज्यातील सेडेलिया गावचे प्रकाशक जॉन स्टार्क यांनी स्कॉट जॉप्लिनची ‘मेपल लीफ रॅग’ छापली. करारानुसार जॉप्लिनला प्रत्येक प्रतीमागे एक सेंट मिळणार होता. त्या काळी कृष्णवर्णीय रचनाकाराची रचना थोड्या पैशांत कायमची विकत घेतली जाई. त्या मानाने हा करार चांगलाच म्हणावा लागेल. १९०२ मध्ये ‘द एंटरटेनर’ आली. जेम्स स्कॉट आणि जोसेफ लॅम्ब हे या घराण्यातील, असा शब्द वापरायला हरकत नसावी, आणखी दोन मोठे रचनाकार.

या रचनांचा घाट ठरलेला आहे. सोळा आवर्तनांचा एक असे चार भाग, आणि त्यांतील बहुतेकांची पुनरावृत्ती. ‘मेपल लीफ रॅग’मध्ये भागांचा क्रम अअ बब अ कक डड असा आहे, आणि क या तिसऱ्या भागात षड्ज बदलून मूळ स्वराच्या मध्यमावर जातो. डावा हात ठोक्यावर खर्जाचा स्वर आणि ठोक्यांच्या मध्ये कॉर्ड अशा उड्या मारतो. उजवा हात मोडक्या लयीत धून वाजवतो. गिटारवादकाचा अंगठा ज्या कामाची नक्कल करतो ते हेच डाव्या हाताचे काम.

मात्र ही लय पियानोवर जन्मलेली नव्हती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी अमेरिकेत घडवलेल्या बँजोवर अंगठा आणि बोटे यांचा असा खेळ आधीपासून होता. जॉप्लिनचे वडील गुलामगिरीतून मुक्त झालेले होते व व्हायोलिन वाजवत. आई गात असे आणि बँजो वाजवी. रॅगटाइमच्या ऐन भरात त्याची ध्वनिमुद्रणे करण्यात व्हेस ऑसमन आणि फ्रेड व्हॅन एप्स हे गौरवर्णीय बँजोवादक आघाडीवर होते. यामागे तांत्रिक कारणही होते: कर्ण्यात वाजवून मेणावर कोरण्याच्या त्या पद्धतीत पियानोचा आवाज दबून जाई, तर बँजोचा टणत्कार स्वच्छ उमटे. गिटारवरील रॅगकडे पियानोची नक्कल म्हणून पाहणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यायला हवा. बोटांनी छेडण्याची रीत आधी, पियानो नंतर आणि गिटार त्यानंतर.

या संगीताच्या लोकप्रियतेला एक कुरूप बाजूही होती. चेहऱ्याला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या मिन्स्ट्रेल खेळांतून आणि त्याच वळणाच्या गाण्यांतून रॅगची लय घरोघर पोहोचली. अनेक छापील प्रतींच्या मुखपृष्ठांवर विकृत व्यंगचित्रे असत. जॉप्लिनचा सारा आग्रह आपले संगीत गांभीर्याने घेतले जावे, हा होता. आपल्या रचना वेगात वाजवू नयेत, अशी सूचना तो छापील प्रतींवर देई, आणि १९०८ मध्ये त्याने रॅग अचूक कसा वाजवावा यावर स्वाध्यायांची पुस्तिका काढली. ‘ट्रीमोनिशा’ हे त्याचे संगीतनाटक १९११ मध्ये त्याने स्वतः छापले, पण त्याच्या हयातीत त्याचा रीतसर प्रयोग उभा राहिला नाही. १९१७ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले. त्याच्या कबरीवर १९७४ पर्यंत नाव नव्हते.

कानाने आलेली परंपरा

ॲपलाचियन डोंगर आणि अटलांटिक किनारपट्टी यांच्यामधील पायथ्याच्या पट्ट्याला पीडमाँट म्हणतात. व्हर्जिनियापासून जॉर्जियापर्यंतच्या या भागात तंबाखूची मोठी उलाढाल होती. हंगामात गुदामांबाहेर आणि बाजारात गर्दी जमे, मजुरांच्या हातात पैसा असे, आणि त्या गर्दीत गिटार घेऊन बसणाऱ्याला चार नाणी मिळत. टपालाने मागवता येणाऱ्या स्वस्त गिटारी आणि पोलादी तारा यांमुळे बँजोची जागा गिटारने घेतली. या वादकांपैकी अनेक जण अंध होते, कारण अंध कृष्णवर्णीय माणसाला पोट भरण्याचे दुसरे मार्ग जवळपास नव्हतेच.

त्यांतील सर्वांत प्रभावी नाव ब्लाइंड ब्लेक याचे. १९२६ ते १९३२ या काळात त्याने पॅरामाउंट कंपनीसाठी सुमारे ऐंशी बाजू ध्वनिमुद्रित केल्या. ही कंपनी विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची उपशाखा होती. तिच्या मूळ साच्यांपैकी फारसे काही उरले नाही; ब्लेकचे वादन आज ऐकू येते ते संग्राहकांनी जपलेल्या झिजक्या, खरखरणाऱ्या तबकड्यांवरून. ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ (१९२६), ‘सदर्न रॅग’ (१९२७) आणि ‘ब्लाइंड आर्थर्स ब्रेकडाउन’ (१९२९) यांत त्याचा अंगठा एक विशेष हालचाल करतो. ठोक्याच्या किंचित आधी एक जाड तार छेडून तो त्याच ओघात शेजारच्या तारेवर घसरतो आणि नेमका ठोक्यावर तिथे पोहोचतो. ऐकणाऱ्याला खर्ज अडखळल्यासारखा वाटतो, पण लय तसूभरही ढळत नाही. ही हालचाल लिपीत उतरवता येते. तिच्यातला हिसका मात्र तबकडीवरूनच उचलावा लागतो. ब्लेक १९३४ मध्ये मिल्वॉकी येथे मरण पावला. त्याचा मृत्युदाखला संशोधकांच्या हाती लागायला एकविसावे शतक उजाडावे लागले आणि त्याचे एकच छायाचित्र ज्ञात आहे.

उत्तर कॅरोलायनातील डरहॅम शहरातील ब्लाइंड बॉय फुलर याने १९३५ मध्ये ‘रॅग, मामा, रॅग’ ध्वनिमुद्रित केले. त्याच वर्षी त्याच्यासोबत न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रणासाठी गेलेले रेव्हरंड गॅरी डेव्हिस (१८९६–१९७२) हे या परंपरेतील बहुधा सर्वांत समर्थ वादक. ते केवळ अंगठा आणि तर्जनी वापरत, आणि एवढ्या दोन बोटांत कूच, रॅग आणि प्रार्थनागीते बसवत. पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थायिक होऊन त्यांनी रस्त्यावर आणि चर्चमध्ये गायन-वादन केले. घरी येणाऱ्या तरुणांना ते शिकवत. एलिझाबेथ कॉटन (१८९३–१९८७) या डावखुऱ्या होत्या. उजव्या हाताच्या वादकासाठी तारा लावलेली गिटार त्या उलटी धरत, त्यामुळे त्यांची बोटे खर्ज वाजवत आणि अंगठा धून. तरीही ‘विल्सन रॅग’ ऐकताना हे ध्यानात येत नाही.

या वादकांच्या ‘रॅग’मध्ये जॉप्लिनसारखे चार भाग क्वचितच आढळतात. आठ किंवा सोळा आवर्तनांचा कॉर्डक्रम घेऊन त्यावर ते धून बदलत राहतात. त्यांच्या लेखी रॅग म्हणजे नाचता येईल अशी, मोडक्या लयीची चपळ धून. काटेकोर व्याख्या मानणारे अभ्यासक अशा धुनांना रॅगटाइम म्हणायला राजी नसतात. परंतु या शब्दाचा जुना वापर पाहता वादकांचीच बाजू अधिक बळकट दिसते.

केंटकी राज्यातील कोळसाखाणींच्या परिसरात हीच रीत गौरवर्णीय वादकांकडे आली. तेथील कृष्णवर्णीय वादक अरनॉल्ड शुल्ट्झ यांचे नाव या संक्रमणात नेहमी घेतले जाते; त्यांचे एकही ध्वनिमुद्रण नाही. त्यांच्यापासून काही स्थानिक वादकांमार्फत ती मर्ल ट्रॅव्हिस (१९१७–१९८३) यांच्याकडे पोहोचली आणि चेट ॲटकिन्स यांनी जगभर नेली. आज तिला ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ म्हणतात. नाव कोणाचे उरते, याचे हे एक उदाहरण.

छापील रचनांचे रूपांतर

जॉप्लिनच्या चार भागांच्या रचना एकट्या गिटारवर बसवण्याचे प्रयत्न न्यूयॉर्कमधील लोकसंगीताच्या वर्तुळात १९६० च्या दशकात सुरू झाले. डेव्ह व्हॅन रॉन्क यांनी ‘सेंट लुई टिकल’ ही १९०४ ची रचना बोटांनी वाजवण्यासाठी बांधली आणि ती इतरांसाठी दार उघडणारी ठरली. १९७१ मध्ये डेव्हिड लेबमन आणि एरिक शोनबर्ग यांची ‘द न्यू रॅगटाइम गिटार’ ही ध्वनिमुद्रिका फोकवेज कंपनीने काढली. लेबमन हे पेशाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक. गॅरी डेव्हिस यांचे शिष्य स्टीफन ग्रॉसमन यांनी किकिंग म्यूल या आपल्या कंपनीतून टॉन व्हॅन बर्गेइक या डच वादकासह अनेकांची ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध केली आणि सोबत लिपीपुस्तिकाही पुरवल्या.

याच सुमारास जॉशुआ रिफ्किन यांनी १९७० मध्ये ध्वनिमुद्रित केलेले जॉप्लिनचे पियानो-रॅग अभिजात संगीताच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले होते, आणि १९७३ च्या ‘द स्टिंग’ या चित्रपटाने ‘द एंटरटेनर’ घरोघर नेले. १९७६ मध्ये जॉप्लिनला मरणोत्तर पुलित्झर सन्मान देण्यात आला. मृत्यूनंतर जवळपास साठ वर्षांनी.

रूपांतर करणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न षड्ज निवडण्याचा असतो. ‘मेपल लीफ रॅग’ मूळ ए-फ्लॅटमध्ये आहे. गिटारवर त्या स्वरात मोकळ्या तारांचा आधार मिळत नाही. अर्धा स्वर चढवून ती ए मध्ये आणली, की पाचवी व सहावी तार मोकळी वापरता येते, आणि तिसरा भाग आपोआप डी मध्ये जातो. सहावी तार ई वरून डी पर्यंत उतरवून ठेवली तर त्या भागालाही भक्कम खर्ज मिळतो. ‘द एंटरटेनर’ मुळातच सी मध्ये असल्याने ती आहे तिथेच वाजवता येते, आणि नवशिक्यांच्या वाट्याला हीच रचना आधी येते त्याचे कारणही हेच. दुसरा प्रश्न काय गाळायचे, हा. पियानोवर दहा बोटे एकाच वेळी स्वर उमटवू शकतात. गिटारवर डाव्या हाताच्या चार बोटांना सहा तारा दाबायच्या असतात. म्हणून कॉर्डचे दोनच स्वर ठेवले जातात, अष्टकात दुहेरी वाजणारी धून एकेरी होते, आणि डाव्या हाताच्या लांब उड्या शेजारच्या तारांवरील छोट्या पावलांत बदलतात. चांगले रूपांतर ओळखायचे ते त्यात किती स्वर वाचवले यावरून नव्हे, तर खर्जाची चाल कुठेही खंडित झाली नाही ना, यावरून.

वाद्य व हात

या वादनासाठी पोलादी तारांची अकूस्टिक गिटार अधिक रूढ आहे; नायलॉन तारांवर अभिजात पद्धतीने वाजवणारेही आहेत, आणि जोव्हानी द क्यारो यांनी जॉप्लिनचे रॅग त्या पद्धतीने ध्वनिमुद्रित केले आहेत. अंगठ्यात प्लॅस्टिकचा पिक घालावा की नाही, यावर एकमत नाही. पिकमुळे खर्ज ठसठशीत होतो. उघड्या अंगठ्याने ब्लेकसारखी घसरण सोपी जाते. उजव्या तळव्याची कड घोडीवर हलकेच टेकवून जाड तारांचा निनाद दाबण्याची पद्धत सर्रास आढळते. त्यामुळे खर्ज ढोलकासारखा आखूड वाजतो आणि धून त्याच्यापासून वेगळी ऐकू येते. डाव्या हाताचा अंगठा मानेवरून वळवून सहावी तार दाबणे अभिजात शिक्षणात निषिद्ध मानले जाते. इथे मात्र ती रोजची गरज आहे.

सरावाचा क्रम बहुतेक शिक्षक एकच सांगतात. आधी कॉर्ड बदलत केवळ अंगठा, तोही बोलता बोलता वाजवता येईल इतका. मग अंगठ्यासोबत पडणारे आघात. आणि सर्वांत शेवटी मधले आघात. वेग वाढवल्याने चुका झाकल्या जातात, त्यामुळे तो मुद्दाम कमी ठेवला जातो. जॉप्लिनची जुनी सूचना इथे वेगळ्या कारणाने लागू पडते.

लिपी

गिटारसाठी टॅब्लेचर ही लिपी वापरतात. सहा आडव्या रेषा म्हणजे सहा तारा, आणि रेषेवरील अंक म्हणजे दाबायचा पडदा. शून्य म्हणजे मोकळी तार. भातखंडे लिपी कोणता स्वर घ्यायचा ते सांगते, तो कोणत्या वाद्यावर कुठे सापडेल हे सांगत नाही. टॅब्लेचर नेमके उलटे करते: बोट कुठे ठेवायचे ते सांगते, स्वराचे नाव सांगत नाही. पाश्चात्त्य स्वरलेखन न शिकलेल्यालाही तिच्यामुळे रचना लगेच हाताशी येते. मात्र केवळ टॅब्लेचरवर विसंबणाऱ्याला आपण धून वाजवत आहोत की साथ, हेच पुष्कळदा कळत नाही. म्हणून धुनेच्या अंकांना वरच्या दिशेने आणि अंगठ्याच्या अंकांना खालच्या दिशेने दांड्या देण्याची प्रथा आहे.

मुंबई आणि मराठवाडा

रॅगटाइमपूर्वीचे मिन्स्ट्रेल खेळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मुंबईत आले होते. डेव्ह कार्सन या कलाकाराचे प्रयोग तेथे गाजले. रॅगटाइमशी थेट नाते सांगणारा दुवा मात्र पुढचा आहे. न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीझ युरोप यांच्या वाद्यवृंदाने १९१३–१४ मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी ‘डाउन होम रॅग’सारख्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्यात कॉर्नेट वाजवणारे क्रिकेट स्मिथ १९३० च्या दशकाच्या मध्यास लिऑन ॲबी यांच्या वाद्यवृंदाबरोबर मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. पुढे त्यांनी तिथे स्वतःचा वाद्यवृंद चालवला आणि १९३६ मध्ये मुंबईतच ध्वनिमुद्रणे केली. पियानोवर टेडी वेदरफर्ड होते. या मंडळींच्या सहवासात गोमंतकीय वादकांची एक पिढी घडली. आल्दोना येथे जन्मलेले चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, त्यांतले अग्रणी. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथात या काळाचा विस्तृत आढावा आहे.

हॉटेलातील ही लय सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत नेली ती चित्रपटांनी, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांचा. ‘शहनाई’ (१९४७) आणि भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) यांतील गाण्यांत मोडक्या लयीचे आघात, ब्रासवाद्ये आणि गिटारची साथ मराठी-हिंदी चालींच्या अंगाने येतात. ‘अलबेला’त चिक चॉकलेट पडद्यावरही दिसतात. आजचे नांदेड व लातूर जिल्हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि मुंबईच्या नृत्यगृहांशी तेथील श्रोत्यांचा संबंध येण्याचे कारण नव्हते. तिथे ही लय ऐकू आली ती तंबूतल्या सिनेमातून आणि लग्नातल्या बँडवरून, नाव-गाव न सांगता.

गिटारवर बोटांनी वाजवला जाणारा रॅग मात्र या वाटेने आला नाही. नृत्यवृंदांत गिटारचे काम कॉर्डची साथ देण्याचे होते. भारतात एकल वाद्य म्हणून गिटारचा विकास झाला तो तारेवर सळई सरकवण्याच्या हवाइयन पद्धतीतून. ब्रिजभूषण काबरा यांनी त्या गिटारला रागसंगीतात स्थान मिळवून दिले आणि विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा घडवली. तिथे अंगठ्याला चालत्या खर्जाचे काम नाही, कारण रागसंगीतात आधारस्वर स्थिर राहतो. भट्ट यांच्यासोबत १९९३ ची ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ही ध्वनिमुद्रिका करणारे राय कूडर यांनी आपल्या १९७० च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ब्लाइंड ब्लेकची रचना वाजवली होती, एवढाच काय तो या दोन परंपरांचा जवळून झालेला स्पर्श.

मराठवाड्यातील विद्यार्थ्याची सांगीतिक तयारी बहुधा गायन, हार्मोनियम किंवा तबला यांतून झालेली असते. रॅगटाइमसाठी ती अडचण नसून भांडवल आहे. आठ मात्रांचा केरवा हातावर मोजू शकणाऱ्याला ३+३+२ ची मांडणी टाळी देत बोलता येते, आणि जी गोष्ट बोलता येते ती बोटांत उतरवणे सोपे, हा तबल्याच्या शिक्षणाचा मूळ नियम इथेही चालतो. कमतरता राहते ती कॉर्डच्या जाणिवेची. ती वरील चार कॉर्डच्या क्रमापासून सुरू करता येते.

स्वामित्वहक्क

भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क अबाधित असतात. जॉप्लिनच्या रचनांवरील ही मुदत १९७७ अखेर संपली. त्यामुळे मूळ छापील प्रतींवरून नवे गिटार-रूपांतर करण्यास, ते वाजवण्यास आणि प्रसिद्ध करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. अन्य वादकाने केलेले रूपांतर मात्र स्वतंत्र कृती ठरते आणि त्याचे टॅब्लेचर छापायचे असल्यास त्याची परवानगी घ्यावी लागते.